किकायचा 'पो'

४ एप्रिल, सकाळ

घरी पोहोचलो. यावेळी कायमचा. ही बातमी अजून कोणालाच दिलेली नाही. एजन्सीवाल्या बाई विमानतळावरच फोनवर म्हणाल्या, "नेस्टर, नवीन करार तयार आहे, सही करायला कधी येतोस?" मी नुसतं "बघू" म्हणालो आणि मनातल्या मनात हसलो. जहाजाच्या इंजिन-रूमला रामराम. आता बायको, मुलगी आणि मी.

दारात किकाय उभी होती. थोरांना नमस्कार करतात तसा तिने माझा हात घेऊन कपाळाला लावला आणि म्हणाली, "या पो, पापा. तुमचा प्रवास कसा झाला पो?"

मी थक्क. आम्ही मूळचे इलोइलोचे, आमच्या घरच्या बोलीत 'पो' मुळी नाहीच. इथे मनिलाजवळ कावीतेला आल्यावर शाळेत ती टागालोग शिकली. शाळेत बाईंशी, पाद्रीबाबांशी, थोरामोठ्यांशी बोलताना दर वाक्याला 'पो' लावायचा असतो. आणि माझी नऊ वर्षांची पोर माझ्याशी तसं बोलते! आमच्या कॅप्टनशीसुद्धा कोणी इतक्या अदबीने बोलत नाही. मारिविकने काय वळण लावलंय मुलीला! मानलं बायकोला.

विमानतळावर आणायला बेंजी आला होता. बेंजी माझा लहानपणापासूनचा दोस्त आणि किकायचा निनोंग, म्हणजे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चच्या पायरीवर मीच त्याला मिठी मारून म्हटलं होतं, "पारे, दोस्ता, मी समुद्रावर असलो की तू तिचा बाप." पठ्ठ्या शब्दाला जागला. शाळेत सोडणं, गॅसचं सिलिंडर आणणं, छपराची गळती, सगळं तोच बघतो.

एकच गोष्ट खटकली. किकाय त्याच्याशी अगदीच वाटेल तसं बोलते. "ए निनोंग, गाढवा, माझी वॉटरबॅग कुठे टाकलीस?" 'पो' नाही, काही नाही, सरळ घरच्या बोलीत. वर त्याच्या पाठीवर उडी. हे बरं नाही. तिला समजावलं पाहिजे.

५ एप्रिल

प्लॅन पक्का. मनिलातल्या विज्ञान संग्रहालयात सहकुटुंब सहल. तिथे म्हणे सगळं हात लावून बघायचं असतं. चाकं फिरवायची, दोऱ्या ओढायच्या, बटणं दाबायची. जहाजावर व्हिडिओ बघितला तेव्हाच ठरवलं होतं. बापाला काय काय येतं हे मुलीला दिसायला जागा हवी ना! दाब, वाफ, लीव्हर, पुली यात माझा हात धरणारा कोणी नाही. बेंजी मोटरसायकली दुरुस्त करतो, ठीक आहे, पण त्यात सायन्स कुठलं?

आणि तिथेच, सगळं बघून झाल्यावर, घोषणा. "पापा आता कुठेही जाणार नाही." किकाय आनंदाने ओरडेल. मारिविक रडेल. मी पण थोडा रडेन. रुमाल घ्यायचा लक्षात ठेवणे.

६ एप्रिल

जहाजावरून आणलेला मोठा खोका उघडला. चॉकलेटं, साबण, टॉवेल, किकायचे बूट. बूट लहान झाले. ती म्हणाली, "खूप छान आहेत पो," आणि टाचा बाहेर ठेवून खोलीभर चालून दाखवलं. मारिविक म्हणाली, "नेस्, तिचा पाय वाढलाय रे. मी नवीन माप पाठवलं होतं." मी म्हणालो, वापरले की सैल होतात, चामडं आहे. नंतर बघितलं तर कापडाचे निघाले.

किकायला सांगितलं की निनोंगशी पण नीट बोलत जा. ती म्हणाली, "बरं पो." लगेच बाहेर गेली आणि बेंजीला "अरे ए टकल्या" म्हणून हाक मारली. सुधारणेला वेळ लागतो.

८ एप्रिल, सकाळ

बाथरूममध्ये पुलीवरच्या भाषणाची प्रॅक्टिस केली. छान जमलं. बेसिनवरच्या पेल्यात माझ्या नव्या ब्रशला जागा नव्हती, आधीच तीन होते. निळा कोणाचा म्हणून विचारलं. मारिविकने आधी नळ बंद केला, मग म्हणाली, "बेंजीचा." साहजिक आहे. सकाळी सकाळी किकायला शाळेत सोडायला येतो, घाईत दात कुठे घासणार बिचारा? सध्या शाळेला सुट्टी आहे, पण माणसाला सवय लागते.

माझा ब्रश खिडकीत ठेवला.

संध्याकाळ

मारिविक म्हणाली, "नेस्, मला तुझ्याशी बोलायचंय." मी म्हणालो, मला पण बोलायचंय, पण म्युझियममध्ये. ती म्हणाली, "म्युझियममध्ये बोलण्यासारखं नाहीये ते." मी म्हणालो, सरप्राइज आहे, थोडी कळ काढ. तिने धुतलेल्या ताटल्या पुन्हा धुवायला घेतल्या. बायकोला कामाची हौस फार.

१० एप्रिल

प्रवासाची व्यवस्था. मी म्हणालो, बसने जाऊ, तिघंच. बेंजी म्हणाला, "व्हॅन आहे ना, पारे, मी सोडतो." मी ठामपणे नाही म्हणालो. ही फॅमिली ट्रिप आहे, असंही सांगितलं. तो खाली बघून म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

जेवताना किकायच्या पोटात दुखायला लागलं. म्हणाली, "निनोंग येणार नसेल तर माझं पोट दुखेल पो, उद्या आणि परवा पण पो." नाजूक पोट आहे तिचं, माझ्या आईवर गेलंय. शेवटी तोडगा काढला. बेंजीने व्हॅन चालवायची आणि पार्किंगमध्ये थांबायचं. वडील या नात्याने घेतलेला पहिला निर्णय. सर्वांना मान्य.

१२ एप्रिल, सकाळ

आज! इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. रुमाल घेतला.

बेंजी, मारिविक आणि किकाय तिघांनी एकसारखे नारिंगी टी-शर्ट घातलेत. मागे 'टीम किकाय' असं छापलंय. गेल्या वर्षी चर्चच्या जत्रेत आई-वडील-मुलांची तीन पायांची शर्यत होती, तेव्हाचे म्हणे. मारिविक बेंजीला हळू आवाजात म्हणत होती, "अरे बदल ना तो, आजच्या दिवस तरी." तो म्हणाला, "दुसरा दोरीवर ओला आहे." त्याचे कपडे आमच्या दोरीवर वाळतात, कारण आमच्याकडे ऊन चांगलं येतं.

१२ एप्रिल, संध्याकाळ

सविस्तर लिहितो. सहल झाली. यशस्वी झाली.

तिकीट चौघांचंच मिळत होतं, म्हणून बेंजीला आत घ्यावं लागलं. दारावर एक फोटोवाला होता. त्याने तिघांना उभं केलं आणि मला म्हणाला, "सर, जरा बाजूला होता का? फॅमिलीचा फोटो घेतोय." मी बाजूला झालो. मारिविक पटकन म्हणाली, "अहो, हे मुलीचे पापा आहेत." तो म्हणाला, "अच्छा! मग तुम्ही पण या ना." आलो. इतक्या उन्हात कॅमेरा धरून धरून त्याची नजर गेली असणार.

आधी पुलीची खुर्ची. खुर्चीत बसायचं आणि दोर ओढून स्वतःच स्वतःला वर न्यायचं. मी भाषण सुरू केलं. किकाय हात मागे बांधून ऐकत होती, मध्ये मध्ये "हो पो" म्हणत होती. इतकी शिस्त मी आमच्या ट्रेनी पोरांतसुद्धा पाहिलेली नाही. मग प्रात्यक्षिक म्हणून स्वतः बसलो. दोर ओढला. अर्ध्यात अडकलो. वरही जाईना, खालीही येईना. खाली पोरांची रांग लागली. एक पोरगा ओरडला, "काका, उतरा ना, आम्हाला पण बसायचंय!" शेवटी बेंजीने दोर धरून मला अलगद खाली आणलं. पाटीवर लिहिलं होतं की एक पुली असलेली खुर्ची सर्वात जड, मुलांनी आधी चार पुलींच्या खुर्चीत बसावं. अशा पाट्या जरा मोठ्या अक्षरात लावायला नकोत का? किकाय बेंजीबरोबर चार पुलींच्या खुर्चीत पार छपरापर्यंत गेली आणि वरून "मम्माऽ" म्हणून ओरडली. मी पण खालून हात हलवला.

जेवण बाहेरच्या झाडाखाली. मारिविकने डब्यात कोंबडीचा अडोबो आणि भात आणला होता. बेंजी गप्पा मारता मारता किकायच्या ताटातली मिरी वेचून स्वतःच्या ताटात टाकत होता. बघतही नव्हता तिकडे, नुसते हात चालू. मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. मी कॅन्टीनमधून खास तळलेली कोळंबी आणली, सोलली, आणि एक किकायच्या तोंडापाशी नेली. तिने तोंड उघडलंसुद्धा. पापा भरवतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार! तेवढ्यात मारिविक आणि बेंजी दोघं एकदम ओरडले. बेंजीने तर माझ्या हातातून उडवलीच. पाचव्या वर्षी कोळंबी खाऊन किकायचा गळा सुजला होता म्हणे, दोन रात्री हॉस्पिटलमध्ये काढल्या. मी म्हणालो, मला कळवायचं ना! मारिविक म्हणाली, "तुला सांगितलं होतं, नेस्. व्हिडिओवर. तू 'बरं बरं, काळजी घ्या' म्हणालास."

समुद्रात सिग्नल फार वाईट असतो.

मी किकायला विचारलं, तुला माहीत होतं ना, मग तोंड का उघडलंस? ती म्हणाली, "तुम्ही इतक्या प्रेमाने आणली होती पो." मला पुढे जेवण गेलं नाही. कोळंबी कुत्र्याला घातली.

शेवटी कुजबुजीच्या थाळ्या. हीच जागा मी घोषणेसाठी हेरून ठेवली होती. माणसापेक्षा उंच दोन थाळ्या, हॉलच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक. थाळीकडे तोंड करून बसायचं आणि अगदी हळू कुजबुजायचं. पलीकडच्या थाळीशी बसलेल्याला ते कानात सांगितल्यासारखं ऐकू जातं. मध्ये शंभर पोरं किंचाळत असली तरी. दोघांची पाठ एकमेकांकडे.

किकाय एका थाळीशी बसली आणि दुसरीकडे तिने निनोंगला पिटाळलं. मी मारिविकला म्हणालो, थांब, आता सरप्राइज. पळत त्या टोकाला गेलो. बेंजी मला बघताच उठला. म्हणाला, "बस, पारे. तुला काहीतरी सांगायचंय ना तिला? तूच बस." चांगला माणूस आहे. वाईट असता तर सोपं गेलं असतं, हे मी का लिहितोय कोणास ठाऊक.

बसलो. गळा साफ करणार तेवढ्यात कानात किकायचा आवाज. इतका जवळ, की मी दचकून बाजूला बघितलं. घरच्या बोलीत बोलत होती. तिच्या मते पलीकडे निनोंगच होता.

"ए निनोंग, ऐकतोयस ना? मी पो म्हणून म्हणून दमले रे. पापा चांगले आहेत, पण घरात सारखं हेडमास्तर आल्यासारखं वाटतं. ते परत जहाजावर कधी जाणार? मम्मा म्हणत होती, ते राहिले तर तू नाही राहू शकत. तू जाऊ नकोस हं. मी त्यांच्याशी एकदम शहाण्यासारखी वागतेय. म्हणजे ते खूश होतील आणि खूश होऊन जातील."

मग, "बोल ना रे गाढवा. जाणार आहेस का तू?"

माझं वाक्य पाठ होतं. जहाजावर आरशासमोर कितीदा म्हटलं होतं. तेच तोंडातून आलं. कुजबुजून म्हणालो, "मी आता कुठेही जाणार नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

कुजबुजीत आवाज ओळखू येत नाही. ती आनंदाने ओरडली. थाळीत नाही, खरोखरची, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी. तोवर मी उठून पाण्याच्या नळाकडे गेलो होतो. लांबून बघितलं तर ती धावत जाऊन बेंजीच्या गळ्यात पडली होती आणि त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

तर घोषणा ठरल्याप्रमाणे झाली. ठरल्या जागी, ठरल्या शब्दांत. मुलगी आनंदाने ओरडली. मारिविक रडली नाही, तिला काही कळलंच नाही. रुमाल उपयोगी पडला.

१३ एप्रिल

विचार केला. त्या थाळ्या सदोष असाव्यात. ध्वनी वक्र पृष्ठभागावर आपटला की त्याचे शेवटचे बारीक स्वर गळून पडतात. म्हणून 'पो' ऐकू आला नसेल. 'पो' तसा लहानच असतो. बाकीच्या वाक्यांचं काय, यावर नंतर विचार करीन.

दुपार

नंतर विचार केला. करायला नको होता.

संध्याकाळ

एजन्सीला मीच फोन लावला. मारिविकला सांगितलं की त्यांचा आला, जहाज अडकलंय, माणूस हवाय, अर्जंट. ती म्हणाली, "फोन वाजला नाही, नेस्." मी म्हणालो, व्हायब्रेटवर होता.

मग ती म्हणाली, "बस इथे. आज मी बोलणारच." मी म्हणालो, बोलायची काही गरज नाही, छप्पर छान दुरुस्त झालंय, मुलगी छान वाढलीय, सगळं मी बघितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. "एकदा तरी भांड ना माझ्याशी," म्हणाली. "शिव्या दे. बेंजीची कॉलर धर. मी किती दिवस वाट बघतेय, तू येऊन काहीतरी विचारशील म्हणून. तू येतोस, चॉकलेटं वाटतोस आणि जातोस. त्याने तुझं काही चोरलं नाही रे. तू ठेवून गेलास, त्याने सांभाळलं. आणि सांभाळता सांभाळता..."

मी तिच्या शेजारी बसलो. पाठीवर हात ठेवावा की नाही ते कळेना. पूर्वी कळायचं. शेवटी म्हणालो, इंजिन कोणासाठी थांबत नसतं. यात काही अर्थ नाही हे मलाही कळलं. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला समुद्रावर कधी वाटलं नव्हतं, कारण तिथे घर आठवायचं.

१५ एप्रिल

बेंजीबरोबर मागची पन्हळ बसवली. तो वर चढला, मी खाली शिडी धरली. मध्येच तो वरूनच म्हणाला, "पारे, मी..." आणि थांबला. हातोडी नुसती धरून उभा. मी म्हणालो, "किकायला कोळंबी देऊ नकोस." तो म्हणाला, "नाही देणार." मी म्हणालो, "आणि बूट घेताना एक नंबर मोठा घे." तो म्हणाला, "बरं." मग त्याने खिळा मागितला, मी दिला.

मित्राला सूचना स्पष्ट दिलेल्या बऱ्या.

१७ एप्रिल, दुपार

करारावर सही केली. घरी येऊन किकायला सांगितलं. अंगणात सायकलची चेन बसवत होती. म्हणालो, पापाला परत जावं लागणार, कंपनीचं काम निघालंय. थोडं दुःखी तोंड केलं, म्हणजे तिला करायला सोपं जाईल.

ती उठली. हात काळे होते, ते फ्रॉकला पुसले. विचारलं, "म्हणजे निनोंगला जावं नाही लागणार?"

मी म्हणालो, नाही.

आणि मग ती माझ्या गळ्यात पडली. मी आल्यापासून पहिल्यांदा. हात कपाळाला लावून नव्हे, पाय माझ्या कमरेभोवती घालून, जशी त्याच्यावर उडी मारते तशी. पांढऱ्या शर्टावर तेलाचे पंजे उमटले. कानाशी म्हणाली, "पापा, तू कधी निघणार?"

तू. घरच्या बोलीत. 'पो' नाही.

सोमवारी, म्हणालो.

मग ती सुटलीच. सगळी दुपार मांडीवर बसून बोलत होती. शाळेतल्या एका मुलीचं भांडण, एक दात कसा पडला, बेडूक किती वाईट दिसतात. "तू ऐकतोयस ना, पापा? अरे ऐक ना, वेड्या!" असं म्हणून माझी हनुवटी धरून तोंड फिरवत होती. मारिविक दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. मला एवढंच हवं होतं. नुसती जायची तारीख सांगितली की हे मिळतं, हे आधी कोणी बोललं असतं तर आल्या आल्या दारातच सांगितली असती.